चार, सात आणि अकरा अंश

बाटली गालाला लावून बघणाऱ्या माणसाला मी आता काही सांगत नाही. पूर्वी सांगत असे. गाल म्हणजे थर्मामीटर नव्हे, उन्हातून मोटारसायकल हाणत आलेल्या माणसाच्या गालाला नळाचं पाणीही गार लागतं, वगैरे. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा, बाटली दुसऱ्या गालाला लावायचा आणि म्हणायचा, "नाय वहिनी, अजून थंड पायजे."

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं बिअरचं दुकान आहे. इथे बसून पिता येत नाही. बाटली घ्यायची आणि जायचं. दुकान माझ्या नवऱ्याने काढलं. घरात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, पण इथे लिहायचं तर वसंतराव लिहिते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधी अकरा वर्षं आम्ही दोघं दुकान बघत होतो. सकाळी मी मुरबाडच्या वाचनालयात अर्धवेळ काम करायची आणि दुपारी येऊन गल्ल्यावर बसायची. मराठीत एम. ए. केलेली, आयुष्यात बिअरचा थेंब न घेतलेली बाई बिअर विकते याची लोकांना गंमत वाटायची. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाचनालयातली निम्मी पुस्तकंही मी न वाचताच देत होते.

वसंतराव सोळा वर्षं बिअरच्या कारखान्यात होते. बाटल्या भरण्याच्या विभागात नव्हे, त्याच्या आधी, जिथे मोठ्या टाक्यांमध्ये बिअर आठवडेच्या आठवडे गार खोलीत मुरत ठेवतात तिथे. त्या टाक्यांवरचे काटे बघत राहायचं, अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तरी कळवायचं, असं काम. म्हणून दुकान काढल्यावर त्यांचा सगळ्यात मोठा वैताग हाच होता. ते म्हणायचे, "आम्ही महिना महिना थांबून चव आणायची आणि लोकांनी ती अर्ध्या तासात बर्फात मारून टाकायची."

बाहेरच्या वाचकांसाठी ही भानगड सोपी करून सांगते. फार गार वस्तू जिभेला बधिर करते. मला हे पटावं म्हणून वसंतरावांनी एकदा कोकमाचं सरबत केलं, एकाच पातेल्यातलं. एक पेला बर्फाच्या खणात ठेवला, दुसरा माठाशेजारी. तासाभराने दोन्ही प्यायला लावले. पहिल्यात साखरच घातली नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं. बिअरचंही तसंच. पण उलट्या बाजूनेही चालत नाही: बिअर कोमट झाली की तिच्यातला गॅस पळतो, नुसता फेस येतो आणि उरतं ते आंबूस पाणी. म्हणजे प्रत्येक जातीला तिची एक जागा आहे. आपल्याकडे जी साधी, हलकी, पिवळी बिअर जास्त खपते ती चार-पाच अंशांवर चांगली. तिच्यात चव अशी बेताचीच, गारवा हाच तिचा गुण. स्ट्राँग म्हणतात ती सात-आठवर. गव्हाची गढूळ बिअर मिळते, तिला केळ्यासारखा, लवंगेसारखा वास असतो म्हणे. तीही सातच्या आसपास, नाहीतर तो वास बाटलीतच राहतो. आणि काळी, भाजलेल्या धान्याची, ती अकरा-बारा अंशांवर. त्याहून गार दिली तर ती नुसती कडू लागते.

म्हणून आमच्या दुकानात तीन फ्रीज होते, आणि आहेत. एक चारवर, एक सातवर, एक अकरावर. प्रत्येकाच्या आत एक थर्मामीटर. अकरा अंशांच्या फ्रीजला आसपासचे लोक "बिघडलेला फ्रीज" म्हणतात. "वहिनी, त्या बिघडलेल्यातली नको हां." दोनदा तर मेकॅनिकच आपणहून येऊन उभा राहिला. कुणीतरी चांगुलपणाने पाठवलेला.

स्ट्राँगचं दुखणं वेगळं. ती पिणाऱ्याला चव नकोच असते. ती लवकरात लवकर पोटात जायला हवी असते. जितकी गार तितकी घशाखाली सरळ जाते. त्यामुळे जिला सात अंश हवेत तीच सगळ्यांना शून्यावर हवी. रविवारी माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. काळा चष्मा लावलेला मुलगा उतरतो, "मॅम, एकदम चिल्ड." महागडी गव्हाची बिअर घेतो. वर विचारतो, "आइस मिळेल? आत टाकायला?" मी पुस्तकातून मान वर करत नाही. बर्फ टाकलेल्या बिअरबद्दल माझ्याकडे बोलण्यासारखं जे आहे ते गिऱ्हाइकाला बोलता येत नाही.

वसंतराव मात्र बोलायचे. त्यांची एक पद्धत होती, ती मी अजून चालवते. ते प्रत्येकाला विचारायचे, "कुठे जाऊन पिणार?" कारण फ्रीजमधून काढलेली बाटली पिशवीत घालून उन्हातून नेली की वाटेत तापते. जवळच्या पाड्यावर जाणारा पाच मिनिटांत पोचतो, खर्डीला जाणारा पाऊण तासाने. म्हणून खर्डीवाल्याला ते स्ट्राँगही चारच्या फ्रीजमधून द्यायचे, म्हणजे घरी जाईपर्यंत ती सात-आठवर आलेली असेल. हिशेब अगदी बरोबर. पण लोकांना काय वाटायचं?

"तुमाला काय करायचंय कुठं पिणार ते?"

"अहो, तुमच्या भल्यासाठी विचारतोय."

"आमच्या बायकोनं विचारायला लावलंय ना?"

एक शिक्षक तर वर्षभर आमच्याकडे यायचे बंद झाले. वसंतराव खबरी आहेत अशी त्यांची खात्री होती. पुढे स्वतःच आले आणि पैसे ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "घरी. गच्चीवर. बारा मिनिटं लागतात." वसंतराव त्या दिवशी फार खूश होते. मला म्हणाले, "बघ, एक माणूस सुधारला."

खरा सुधारलेला एकच होता. भातसानगरच्या वसाहतीत राहणारे एक निवृत्त साहेब. धरणावर नोकरी झालेली. पाण्याची पातळी मोजण्यात जन्म गेला म्हणून असेल, त्यांना आकडे कळायचे. महिन्यातून दोनदा काळी बिअर घ्यायचे, अकराच्या फ्रीजमधली, आणि घरी गेल्यावर अजून दहा मिनिटं खिडकीत ठेवायचे. पुढल्या खेपेला येऊन सांगायचे, "बारा अंश. खिडकी उत्तरेची." वसंतराव आणि ते यावर अर्धा अर्धा तास बोलायचे. मी मनात म्हणायची, देवा, यांना दुसरा विषय दे.

एकदा, श्रावणाआधीच्या एका रविवारी, वसंतरावांनी तीच काळी बिअर दोन पेल्यांत ओतून माझ्यासमोर ठेवली. थर्मामीटर घालून बघितलं, थांबले, पुन्हा बघितलं. म्हणाले, "आता. एकच घोट घे. मला फक्त तुला काय वाटतं ते ऐकायचंय." मी वास येतो म्हणाले आणि उठून गेले. त्यांनी दोन्ही पेले स्वतः संपवले. ते गेल्यावर, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात मी एक बाटली घरी नेली, अकरा अंशांवर आणली आणि घोटभर प्यायले. जळलेल्या पोळीसारखी आणि थोडी गुळासारखी लागली. वाईट नव्हती. पण हे सांगायचं कुणाला?

वसंतराव गेले ते एका मंगळवारी, दुकानातच, पेट्या मोजताना. ते पुढे लिहीत नाही.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे नुसता वैताग. वैतागाचं मला तसं वाईट वाटत नाही. रडत बसण्यापेक्षा बरा. दुकानाचा परवाना वसंतरावांच्या नावावर होता. तो माझ्या नावावर करायचा तर बाकीचे कागद होते, पण दुकानाची जागा वसंतराव आणि त्यांचे धाकटे भाऊ रमेश अशी दोघांच्या नावावर. म्हणून रमेशभाऊजींचं संमतीपत्र लागत होतं. एक कागद, एक सही. मार्चअखेरच्या आत. तोवर तात्पुरतं चालवायची मुभा मिळाली होती.

रमेशभाऊजी वाईट माणूस नाही. त्यांचा टेम्पो आहे, माझा माल तेच पोचवायचे. पण त्यांना जागेवर हार्डवेअरचं दुकान टाकायचं होतं, आणि बाईमाणसाने बिअर विकावी हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. दादा होता तोवर मी मदतनीस होते, ते चाललं.

"वहिनी, तुमी पुस्तकात डोकं घालून बसनार, गिऱ्हाईक टिकनार कसं?"

"गिऱ्हाईक आहे की."

"हाय, पन बोंबलतंय. माल थंड नाय बोलतंय. दादाचं दादाबरोबर गेलं. आता लावा ना सगळे फ्रीज फुल्ल. कशाला ते सात आन अकरा?"

मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं. ही लगीनसराई बघू. एक जरी बोंब आली तर परवाना सोडून द्या, मी सही करायचा नाय. नाय आली, तर करतो." असा आमचा करार. दुकान गेलं तर माझ्याकडे वाचनालयाची अर्धवेळ नोकरी उरत होती, आणि तीन फ्रीज भंगारात. खरं सांगायचं तर मला धास्ती फ्रीजांचीच होती. वसंतरावांचं मोजण्यासारखं असं तेवढंच उरलं होतं.

लगीनसराईतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे हळद. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला आहेर घेऊन येणारे येतात, हळदीला आपले येतात. मटण, वडे, बँजो आणि बिअर. फाल्गुनात पलीकडच्या गावातल्या तुकारामदादांच्या मुलाची हळद होती. पंधरा पेट्या स्ट्राँग सांगितल्या. त्या मोसमातलं माझं पहिलं मोठं काम. सकाळी नऊला रमेशभाऊजींच्या टेम्पोतून पेट्या पोचवल्या, आणि मी तुकारामदादांना फोनवर नीट सांगितलं: दुपारी चारनंतर बाटल्या बर्फात घाला. नुसता बर्फ नको, त्यात पाणी ओता, म्हणजे बाटलीला सगळीकडून गारवा लागतो. तासभर पुरे. ते "व्हय व्हय" म्हणाले. इतक्या लवकर जो "व्हय" म्हणतो त्याने ऐकलेलं नसतं, हे मला कळायला हवं होतं.

दोन वाजता फोन आला.

"वहिनी, काय माल दिला तुमी? बाटल्या फुटायल्यात!"

"फुटतायत? कुठे ठेवल्यात?"

"कुठं म्हंजे? बर्फात! तुमीच बोललात बर्फात ठेवा. पावना यायला लागला, आन इथं काचाच काचा. रमेश हितंच हाय, तो बोलतो खराब लॉट हाय."

मी दुकान बंद केलं, फ्रीजमधला थर्मामीटर पिशवीत टाकला आणि रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हळदीच्या घरी निघाले आहे. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईने हळदीच्या मांडवात पाऊल टाकू नये असं मानतात. कुणी अंगावर येत नाही. फक्त गप्प होतात. वाचनालयात बसून मी या रीतीविरुद्ध मनातल्या मनात बरीच भाषणं केली होती. त्या दिवशी भाषणाला वेळ नव्हता. मार्च संपत आला होता.

मांडवाच्या तोंडाशी हळद कुटणाऱ्या बायका गप्प झाल्याच. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "गो, ही कशाला आली हळदीच्या घरात?"

नवऱ्या मुलाची आई पुढे झाली. तिचा चेहरा कावराबावरा. "हळदीसाठी नाय आली, आये. बाटल्यांसाठी आलीय."

"मंग मागच्या दारानं जाऊ दे."

मी मागच्या दाराने गेले. एरवी मला राग आला असता. त्या क्षणी ते सोयीचंच होतं, कारण बर्फाची पिंपं मागेच होती.

दोन निळी पिंपं, काठोकाठ बर्फ. पहिल्यातल्या बहुतेक बाटल्या तडकलेल्या, आतली बिअर पांढऱ्या कांडीसारखी बाहेर आलेली. तुकारामदादा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या शेजारी नवऱ्या मुलाचा मामा. कल्याणच्या बाजारात मासे विकणारा, अंगाने मोठा, गळ्यात टॉवेल. रमेशभाऊजी जरा मागे, भिंतीला टेकून.

"बघा," तुकारामदादा म्हणाले. "हा माल का?"

मी थर्मामीटरची सळई दुसऱ्या पिंपात खुपसली. आकडा उतरत गेला. शून्य. शून्याखाली तीन. शून्याखाली सात.

"दादा, नुसता बर्फ आणि पाणी कितीही वेळ ठेवलं तरी शून्याच्या फारसं खाली जात नाही. बिअर शून्याखाली दोन-तीन अंशांना गोठते. इथे सात आहे. यात मीठ टाकलंय कुणीतरी."

"मीठ?"

मी पिंपातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. समुद्र. भिंतीशी खड्या मिठाचं अर्धं पोतं होतं, त्यावर भात मोजायचा शेर पालथा ठेवलेला.

मासेवाले असंच करतात. बर्फावर खडे मीठ मारलं की बर्फ वितळताना आणखी गार होतो आणि मासा कडक राहतो. माशाला काच नसते, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. बाटलीतली बिअर गोठली की फुगते, आणि काच फुगत नाही. मी हे सांगत असताना सगळे मामाकडे बघू लागले. साहजिक होतं. मीठ त्याचंच.

"ए, माझ्याकडं काय बघता?" मामा उसळला. "पोतं माझं हाय, मासं ठेवायला आनलंय. मी काय येडा हाय बाटलीवर मीठ मारायला? पंचवीस वर्सं धंदा केला. मला जो बोलला का वहिनीचा माल थंड होत नाय, मार मीठ, त्याला विचारा ना!" आणि त्याने भिंतीकडे बघितलं.

रमेशभाऊजींच्या निळ्या शर्टाच्या बाहीवर मिठाचे खडे वाळले होते.

आता माझं काय चाललं होतं ते लिहिते, कारण लोक याला माझा मोठेपणा समजतात. तसं नव्हतं. "कोण बोललं?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर खराब मालाचा डाग माझ्यावरून पुसला गेला असता आणि भाऊजींची त्या मांडवात शोभा झाली असती. आणि ज्याची पन्नास माणसांत शोभा झाली, तो माणूस मला सही देणार होता का? नाही विचारलं तर बोंब माझ्याच नावावर. दोन्हीकडून मीच अडकले होते, आणि ज्याच्यामुळे अडकले होते तो भिंतीला टेकून होता. उभं राहायची तऱ्हा थेट वसंतरावांची, एक पाय दुमडून. त्याचाही मला राग आला.

"ते नंतर बघा," मी म्हणाले. "भाऊजी, हात लावा. दुसऱ्या पिंपातल्या बाटल्या अजून फुटल्या नाहीत, त्या आधी बाहेर काढायच्यात. मामा, दोन मोठी घमेली आणा, विहिरीचं पाणी भरून."

भाऊजी पुढे आले. त्या मिठाच्या पाण्यात हात घातल्यावर काय होतं ते सांगत नाही. पाच बाटल्या काढल्या की बोटं लाकडासारखी होतात. ते काढत राहिले, मामा घमेल्यात लावत राहिला. तुकारामदादांना धीर नव्हता. त्यांनी एक बाटली उचलून झाकण उडवलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत आतली बिअर तळापासून वरपर्यंत एका क्षणात बर्फ झाली.

"आयला! भूत हाय का यात?"

"भूत नाही. अति गार झालीय. झाकण उघडायचीच वाट बघत असते."

"मंग आता?"

"आता थांबायचं."

हे वाक्य बिअर पिणाऱ्या माणसाला सांगण्याइतकं कठीण काम दुसरं नाही. पुढच्या तासाभरात पाहुणे एकेक करून मागच्या दाराशी येऊन विचारत होते, झालं का, आणि मामा त्यांना टॉवेलने हाकलत होता. मी थर्मामीटर भाऊजींच्या हातात दिला. एक बाटली उघडून ठेवली होती, तिच्यात सळई घालून त्यांनी आकडा सांगायचा.

"एक," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तीन."

"द्या ना आता," तुकारामदादा म्हणाले. "तीन म्हंजे झ्याक."

"सात होऊ द्या."

"सात? वहिनी, लगीन हाय का शाळा हाय?"

"पाच," भाऊजी म्हणाले. आणि मग, तुकारामदादांकडे न बघता, "दोन मिंटं थांब रे तुकाराम. वहिनी बोलतायत ना."

सातला पहिली बाटली मामाला दिली. त्याने अर्धी एका दमात संपवली आणि थांबला. बाटलीकडे बघितलं. "च्यायला, हिला चव हाय," तो म्हणाला. "पंचवीस वर्सं ह्याच कंपनीची पितो, मला ठावच नव्हतं." वसंतराव असते तर तिथेच व्याख्यान दिलं असतं. तुकारामदादांनी घोट घेतला, मान हलवली. "बरी हाय. जरा गरम हाय, पन बरी हाय."

मी अजून त्या "जरा गरम"वर वैतागलेली आहे.

साडेचार वाजले होते. नवऱ्या मुलाची आई आली, हातात डबा. त्यात वडे आणि मटणाचा रस्सा. "वहिनी, घरी जाऊन खावा," ती हळू आवाजात म्हणाली. "आता हळद लागंल." म्हणजे निघा. तिची नजर खाली होती. मी डबा घेतला. तिचा राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं. रीत तिने केली नव्हती, पण मोडलीही नव्हती. मीही मोडली नव्हती. मागच्या दारानेच आले होते.

रमेशभाऊजींनी टेम्पोतून सोडलं. वाटेत त्यांनी टेम्पो थांबवला. "तो कागद हाय का जवळ?" असं विचारलं. कागद महिनाभर माझ्या पिशवीतच फिरत होता. टेम्पोच्या बोनेटवर ठेवून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी परवान्याच्या कार्यालयात कागद दिला. तिथल्या बाईंनी तो उजेडात धरला, जागेच्या जुन्या कागदावरची सही शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, सही जुळत नाही."

जुळणार कशी? बधिर झालेल्या बोटांनी केली होती. 'रमेश'मधला 'श' बोनेटवरून घसरून खालच्या ओळीत गेला होता. मी बाईंना बर्फ, मीठ, पिंप सगळं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि कोरा फॉर्म दिला. "पुन्हा सही घेऊन या."

इतकी हताश मी वसंतराव गेल्यावरच्या कागदपत्रांत कुठेच झाले नव्हते. पहिली सही शरमेने झाली होती, हे मला कळत होतं. ती शरम आता वाळली असणार. मी फोनवर एवढंच सांगितलं की सही पुन्हा लागेल. "बघतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. मार्चचे तीन दिवस उरले. मी दुकानात बसून एकाच पुस्तकाचं एकच पान वाचत होते. गावात मात्र बातमी पसरली होती की तुकारामाच्या हळदीत वहिनीचा माल फुटला. तिघांनी मला तोंडावर विचारलं. त्यांना काय सांगणार?

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजी आले. टेम्पो समोर लावला, आत आले, पेटीवर बसले. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी सोललेली होती. त्यांनी तीन फ्रीजकडे बघितलं.

"वहिनी, तुमी विचारलं नाय," ते म्हणाले.

"काय?"

"मामाला. कोन बोललं ते."

"तुम्ही सही दिली नसती."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आन तेव्हाच दिली," ते म्हणाले, "तर ती चालली नाय."

"नाही चालली."

"म्हंजे आता तुमच्याकडं माझ्यावर काय जोर नाय."

"नाही."

त्यांनी फॉर्म ओढून घेतला. आधी सगळा वाचला, एकेक शब्द ओठ हलवत, जसा मी त्यांना आजवर कुठलाच कागद वाचताना पाहिला नव्हता. मग म्हणाले, "तुकारामकडं जाऊन आलो सकाळी. सांगितलं, मीठ मी बोललो होतो. त्याच्या बायकोनं आख्ख्या आळीला ऐकवलं."

मी गल्ल्याचा खण उघडला.

"पेन द्या," ते म्हणाले.

मी पेन दिला. त्यांनी संपूर्ण नाव लिहिलं, मध्ये वडिलांचं, शेवटी आडनाव. पहिला शब्द सोडला तर बाकीचं सगळं जुन्या परवान्यावरच्या वसंतरावांच्या नावासारखंच. भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि आज पेट्या कुठे पोचवायच्या आहेत ते विचारलं.